वार चढत नाही

दिग्रसपासून दोन कोसांवर लखीराम नायकाचा तांडा. तिथल्या मानीबाईचं नाव आसपासच्या गावांत एकाच गोष्टीसाठी घेतलं जायचं: वार काढावी तर तिनेच. मूल काय, कोणीही झेललं असतं. वेळ भरली की ते येतंच. पण मुलामागून यायची ती वार, म्हणजे ज्या मांसाच्या चकतीतून मूल नऊ महिने पोसलं जातं ती, मानीबाई इतक्या झटपट बाहेर घ्यायची की ओट्यावर बसलेल्या पुरुषांचा चहा निवायच्या आत सगळं आटोपलेलं असायचं. बाकीच्या गावांतल्या सुइणी ताटकळत बसायच्या आणि ही हात धुऊन घरी निघालेली असायची. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

हा हात तिला सासूकडून मिळाला होता, सासूला तिच्या सासूकडून. त्या काळी तांडा लदेणीवर असायचा. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचा. वाटेत एखादीचे दिवस भरले तर ती झाडाखाली बाळंत व्हायची. पण बैल लादलेले असायचे आणि तांडा काही तिच्यासाठी खोळंबून राहायचा नाही. वारेची वाट बघत बसायला सवड कोणाला होती? नाळ मुठीला गुंडाळायची आणि ओढायची. घाईला कारण लागतं, ते म्हाताऱ्यांनी कधीतरी शोधून ठेवलं होतं. वार लगेच घेतली नाही तर ती वर चढते, काळजाला जाऊन लागते आणि बाई गुदमरून मरते. म्हणून ओढण्याआधी बाईच्या छातीखाली कापडाचा पट्टा करकचून बांधायचा, वरची वाट बंद करायला.

पुढे बैलांवरचं मीठ आगगाडीने जाऊ लागलं. तांड्याने जमिनी केल्या, कापूस पेरला, तीन पिढ्या एका जागी बसून काढल्या. आता कोणालाच कुठे जायचं नव्हतं. सुइणीच्या हाताची घाई मात्र तशीच राहिली, आणि ती घाई आहे हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मानीबाईला एकच लेक, बसंती. ती पलीकडच्या तांड्यातल्या पूनमसिंगला दिली होती. अठ्ठावन्न साली होळीला आठ दिवस असताना ती पहिल्या बाळंतपणासाठी आईकडे होती. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपारी मुलगी झाली. मुलगी रडली, सगळं ठीक होतं. मानीबाईने पट्टा बांधला, नाळ मुठीला गुंडाळली आणि ओढली. वार आली नाही. दुसऱ्यांदा ओढली, तरी नाही. आपल्या लेकीची वार आपल्याच हाताला दाद देत नाही याचा तिला राग आला. राग आला हे तिला पुढे कायम आठवत राहिलं. तिसऱ्यांदा तिने पाय रोवून ओढली. वार आली, आणि वारेमागून लालभडक गोळा बाहेर आला. असा गोळा तिने आयुष्यात आधी दोनदा पाहिला होता. त्या दोन्ही बाळंतिणी गेल्या होत्या.

रक्त थांबेना. पूनमसिंग मुलाची बातमी ऐकायला आला होता, त्यानेच बैलगाडी जुंपली आणि दिग्रसचा दवाखाना गाठला. बसंतीला उचलून तोच आत घेऊन गेला. मानीबाई बाहेर झाडाखाली नात मांडीवर घेऊन बसली. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, पायरीवर जरा थांबला आणि मग तिच्यापुढे येऊन म्हणाला, "डाक्टर म्हणते, वार काळजाले चढली होती. कोनाच्या हातात नव्हतं."

नात अकराव्या दिवशी गेली.

मानीबाईने पुढची चार वर्षं या एका वाक्यावर काढली. कोणाच्या हातात नव्हतं. तांड्यातल्या बायकांनीही तेच म्हटलं, आणि कोणी तिच्याकडे वाकडी नजर करून पाहिलं नाही. नवरा आधीच गेलेला, म्हणून दंडातल्या बलिया, सवाष्णीच्या बांगड्या, केव्हाच उतरवल्या होत्या. आता घरात बोलायलाही कोणी उरलं नाही. ती कापूस वेचायला जायची, भाकरी थापायची, बोलावणं आलं की बाळंतपणाला जायची. कोणी बसंतीचं नाव काढलं तर ऐकून घ्यायची. रडू येत नसे. आधी तिला वाटायचं की ते मागाहून येईल, मग तिने वाट बघणं सोडून दिलं. वार मात्र ती तशीच ओढत राहिली, उलट पट्टा आणखी घट्ट बांधून. काळजाला चढणाऱ्या वारेने लेक नेली होती, आता दुसऱ्या कोणाची नेऊ द्यायची नाही असं तिने ठरवलं होतं. माणूस शहाणपणाच्या नावाखाली काय काय करतो ते असं.

बासष्ट सालच्या कार्तिकात ग्रामसेवक तांड्यात आला आणि सांगून गेला की आरोग्य केंद्रात सुइणींचा महिनाभराचा वर्ग आहे, त्यात तुमचं नाव आहे. मानीबाई हसली. शंभरावर बाळंतपणं केलेल्या बाईला कोण काय शिकवणार, असं ती तोंडावरच म्हणाली. पण सरकारी बोलावणं होतं. फेटिया-कांचळीचं, म्हणजे घागरा-चोळीचं, एक गाठोडं बांधून ती गेली.

वर्गात नऊ सुइणी होत्या. शिकवणाऱ्या विमलताई कळंबच्या. वयाने मानीबाईच्या लेकीएवढ्या, पांढरं पातळ, आवाज खणखणीत. पहिले दोन दिवस त्यांनी फक्त हात धुवायला शिकवलं. कोपरापर्यंत साबण, नखं कापलेली, हातात काही नको. बाकीच्या बायका बांगड्या वर सारता सारता बेजार झाल्या. मानीबाईचे हात उघडे पाहून विमलताई म्हणाल्या, "बघा, यांना काही अडचण नाही." मानीबाईने साबण उचलला. त्या बाईंना काय ठाऊक असणार?

तिसऱ्या दिवशी विमलताईंनी भिंतीवर एक मोठा तक्ता टांगला. बाईचं अंग मधोमध चिरून दाखवावं तसं चित्र. भागीरथा नावाची शेजारच्या गावची सुईण पदरात तोंड घालून हसायला लागली, दोघींनी मान फिरवली. विमलताई थांबल्या नाहीत. म्हणाल्या, आयुष्यभर ज्या वाटेवर तुमचे हात जातात ती एकदा डोळ्यांनी बघून तर घ्या.

त्यांनी छडी टेकवली. ही पुढे लघवीची पिशवी. हे मागे शौचाचं आतडं. या दोन्हींच्या मधे गर्भाशय, आपण गर्भपिशवी म्हणू. मूल नसताना ती जेमतेम मुठीएवढी असते, वर रुंद आणि खाली निमुळती, आणि तिच्या भिंती जाड मांसाच्या असतात. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन नळ्या निघतात. नळीच्या टोकाशी झालर, आणि झालरीजवळ बदामाएवढा बीजकोश, उजवीकडे एक, डावीकडे एक. बाईची सगळी बीजं या दोन कोशांत, ती जन्मते तेव्हापासूनच. महिन्याला त्यातलं एक पिकतं, नळीत उतरतं आणि पिशवीकडे येतं. तोवर पिशवी आतून मऊ अस्तर तयार करून ठेवते. बीज फळलं तर त्या अस्तरात रुजतं. नाही फळलं तर अस्तर गळून जातं, तीच पाळी. उजव्या कुशीला मुलगा आणि डाव्या कुशीला मुलगी असं काही नसतं, हेही त्यांनी सांगून टाकलं. ते ऐकून भागीरथा हसायची थांबली, कारण कूस पाहून मुलगा की मुलगी ते सांगण्यावर तिचा बराच मान अवलंबून होता.

मानीबाई पुढे सरकून बसली. छडी खाली आली. हे पिशवीचं तोंड. नऊ महिने गच्च मिटलेलं, कळा आल्या की हळूहळू पातळ होतं आणि उघडतं. त्याखाली योनीची वाट, मूल बाहेर येण्याची. बाहेर बघाल तर बाईला वाटा तीन: पुढे लघवीची, मधे ही, मागे शौचाची. मानीबाईने ते तोंड शेकडो वेळा बोटाने चाचपलं होतं. घट्ट असताना नाकाच्या शेंड्यासारखं लागतं आणि उघडायला आलं की ओठासारखं, हे तिला ठाऊक होतं. ती त्याला दार म्हणायची. आज दाराआडचं घर पहिल्यांदा दिसत होतं. तिला ते आवडलं. आपल्या बोटांना जे कळत होतं ते बरोबर होतं, म्हणून तिला बरंही वाटलं.

मग विमलताईंनी दुसरा तक्ता लावला. त्यात पिशवी मोठी झालेली, मूल डोकं खाली करून बसलेलं, आणि वरच्या अंगाला भिंतीला चिकटलेली वार. मानीबाई उठली आणि चित्रापाशी गेली. पिशवीच्या वरच्या कडेवर बोट ठेवून तिने विचारलं, "बाई, अथून वर जायचा रस्ता कोनता?"

"वर कुठे?"

"काळजाले. वार चढते तो."

विमलताईंनी तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. त्यांनी छडी खाली ठेवली आणि हाताने दाखवलं. पिशवी वरून बंद आहे. तिच्यावर आतडी, त्यावर जठर, त्यावर एक मांसाचा पडदा, आणि काळीज त्या पडद्यापलीकडे. वर रस्ताच नाही. वार वर चढत नाही, आजवर कोणाची चढली नाही. मूल बाहेर आलं की पिशवी आपोआप आकसते आणि तिच्या भिंतीवरून वार सुटते. तेवढा वेळ फक्त थांबायचं. सुटण्याआधी ओढली तर पिशवी आतून उलटी होऊन बाहेर येते, लाल गोळ्यासारखी, आणि रक्त थांबत नाही.

मानीबाई म्हणाली, दिग्रसचे डॉक्टर तर म्हणाले होते की वार चढली. विमलताई म्हणाल्या, असं कोणताही डॉक्टर म्हणणार नाही, तुमच्या ऐकण्यात काही चुकलं असेल. एवढं बोलून त्या पुढच्या गोष्टीकडे वळल्या.

मानीबाई जागेवर येऊन बसली. तिला काहीच वाटलं नाही. दुपारी तिने सगळ्यांबरोबर वरण-भाकरी खाल्ली आणि भागीरथाने दिलेली लोणच्याची फोडही खाल्ली. फक्त बोटं बधिर झाल्यासारखी वाटत होती, म्हणून ती हात पुन्हा पुन्हा धूत राहिली. विमलताईंना वाटलं की बाई मन लावून शिकते आहे.

आणि ती शिकलीही. महिनाभरात तिने सगळं तोंडपाठ केलं. नाळ कधी बांधायची, कुठे कापायची, कात्री किती उकळायची. वार आली की ताटात पसरून पाहायची, तुकडा आत राहिला का. त्यानंतर तासभर पोटावर हात ठेवून पिशवी घट्ट आहे का ते बघत राहायचं. अधूनमधून तिला जुन्या बायका आठवायच्या. ती अमकी, बाळंतपणानंतर जिचं अंग बाहेर आलं आणि नवऱ्याने टाकली. ती तमकी, जी महिनाभर तापाने फणफणली. ते सगळं नशिबाच्या नावावर टाकलेलं होतं. आता एकेक करून ते तिच्या नावावर येत होतं आणि ती मोजत होती, दुसऱ्या कोणाचं मोजावं तशी. परीक्षेत तिचा नंबर पहिला आला. विमलताईंनी पाठीवर हात ठेवून शाबासकी दिली आणि औषधांची पेटी तिच्या हातात दिली.

पूनमसिंगने मधल्या काळात दुसरं लग्न केलं होतं. बायकोचं नाव भुरी. आई नसलेली, माहेर लांब. मेलेल्या लेकीच्या जागी आलेली बाई ती आपली लेकच, हा रिवाज. भुरी मानीबाईला याडी, म्हणजे आईच म्हणायची. माघ महिन्यात एका सकाळी पूनमसिंग गाडी घेऊन दारात आला. भुरीला कळा लागल्या होत्या आणि त्यांच्या तांड्यात सुईण नव्हती. मानीबाई पेटी घेऊन गाडीत बसली.

ऊन चढता चढता मुलगा झाला. मानीबाईने नाळेला दोन ठिकाणी दोरा बांधला, मधे कापली, मुलाला पुसून गुंडाळलं. मग ती बसून राहिली. पूनमसिंगची चुलती तुळसाबाई मदतीला होती, तिला हे काही समजेना. ती म्हणाली, "काहून बसून राह्यली? वार चढन नं."

मानीबाईची मूठ आपोआप नाळेकडे जात होती. एवढ्या वर्षांची सवय. हाताला तक्ता थोडाच दिसतो? तिने तो हात मांडीखाली दाबून धरला आणि दुसरा भुरीच्या पोटावर ठेवला. हाताखाली पिशवी सैल लागत होती. मग ती आकसायला लागली. वर आली, गोल झाली, घट्ट झाली, अगदी चित्रातल्यासारखी. थोडंसं रक्त आलं, बाहेर लोंबणारी नाळ दोन बोटं लांब झाली. भुरीला तिने जरासा जोर करायला सांगितलं. वार घसरून ताटात आली.

एवढंच. चार-पाच भाकरी होतात तितका वेळ लागला होता. मानीबाईने वार ताटात पसरून पाहिली. अख्खी होती. ती बराच वेळ त्या ताटाकडे पाहत राहिली. बसंतीचीही अशीच आली असती. मूल रडलं होतं, पोरगी बोलत होती, दिवसाढवळ्याची वेळ होती, कोणालाही कुठे जायचं नव्हतं. फक्त बसायचं होतं.

ती हात धुवायला बाहेर आली. पूनमसिंग गाडीला टेकून उभा होता. मुलगा झाला, दोघं बरी आहेत, असं तिने सांगितलं. त्याने देवीचं नाव घेतलं. तेवढ्यात आतून तुळसाबाई कोणाला तरी सांगताना ऐकू आली की वार चढली नाही, नशीब थोर. मानीबाई तिथेच उभी राहिली. हे बोलायचं असं तिने ठरवलेलं नव्हतं.

"पूनमसिंग, वार चढत नसते. कोनाचीच चढत नाई. बसंतीचीबी चढली नव्हती. म्या ओढली, म्हून पिशवी उलटी झाली. पोरगी माह्या हातानं गेली."

त्याने मान वर केली नाही. गाडीच्या जुवावरून हात फिरवत म्हणाला, "मले माहीत हाये, याडी."

मग त्याने सांगितलं. त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सगळं समजावलं होतं आणि वार कोणी ओढली म्हणून विचारलंही होतं. कोणी नाही, असं तो म्हणाला होता. बाहेर आला तेव्हा ती झाडाखाली नात घेऊन बसलेली दिसली. पायरीवर उभ्या उभ्या त्याने ते वाक्य जुळवलं होतं.

"मंग आज मले कायले आनलं?"

"दुसरी कोन हाये आपल्याकडं?" तो म्हणाला. "म्हून तं ग्रामसेवकाले तुह्यं नाव म्याच सांगतलं होतं. तू शिकून आली, तवाच आनली. नाई तं आनली नसती."

त्यात राग नव्हता आणि मायाही नव्हती. शेतात काय पेरलं ते सांगावं तसं त्याने सांगितलं. चार वर्षं हा माणूस दर होळीला तिच्या पाया पडायला येत होता, तिच्या हातची भाकरी खात होता. मानीबाईला वाटलं, आता तरी आपल्याला रडू येईल. आलं नाही. लाज वाटली, तीही लांबून वाटल्यासारखी. ती आत गेली.

भुरी डोळे मिटून पडली होती. मानीबाई तिच्याजवळ खाली बसली आणि पोटावर हात ठेवला. पिशवी घट्ट होती. तुळसाबाई म्हणाली, सगळं तर झालं, आता चहा घे अन् जा. मानीबाईने मान हलवली आणि अजून तासभर बसायचं आहे असं सांगितलं.

ती तासभर बसली. त्या दुपारी बसंतीजवळ ती एवढा वेळ बसली नव्हती.